शेवटचे ऐंशी मीटर

वाल्पाराइसो पडद्यावर सपाट दिसतं.
मी रेघ ओढते, कॅबिनेटपासून घरापर्यंत,
खाली आकडा उमटतो : ऐंशी मीटर.
प्रत्यक्षात त्या दोनशे चौदा पायऱ्या,
मधे कोसळलेला कठडा, आडवा झोपलेला कुत्रा,
आणि ज्या भिंतीत खिळा ठोकायचा
ती दोन भावांची सामायिक,
जे तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.
सही कोण देणार?

सॉफ्टवेअरला भाऊबंदकी कळत नाही.

खांबांवर तारांचा गुंता.
बुडालेल्या कंपन्यांच्या ताराही अजून लोंबतायत.
कुठली जिवंत, कुठली मेलेली
एलेउतेरिओ बोटांनी चाचपून सांगतो.
दोनदा चुकला. दुसऱ्यांदा
अख्ख्या गल्लीचा सामना गेला, ऐन पेनल्टीच्या आधी.
तेव्हापासून त्या गल्लीत तो
शिडी दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन जातो.

मोबाइलचं काम वेगळं. तिथे मी सावल्या मोजते,
उन्हाच्या नव्हेत.
समोरच्या टेकडीवरून लहरी निघतात
आणि घळीत उतरायला कंटाळतात.
घळीतल्या घरांना मी करडा रंग देते.
अँटेना तीन अंश खाली वाकवला
की करड्यातली अकरा घरं हिरवी होतात
आणि वरच्या शाळेचा मागचा वर्ग करडा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय,
पण माझं कामच अंथरूण ओढायचं,
इकडून तिकडे,
रोज कुणाचे तरी पाय उघडे टाकून.

यादीत ती अशी होती :
जोडणी सतरा, तांबे, मार्चअखेर बंद.
चढून गेले तेव्हा छाती भात्यासारखी चाललेली.
दोन्या ऑर्तेन्सियानं आधी खुर्ची दिली, मग पाणी,
मग विचारलं, कशाला आलीस.
भिंतीवर हिरवा फोन, वेटोळ्या वायरचा,
आकड्यांवरचा रंग एका बाजूनं झिजलेला.

मी पाठ केलेलं बोलले :
काचेची तार, फुकट, वेग शंभरपट.
ती म्हणाली, मला कुठे घाईनं बोलायचंय?

मग म्हणाली, वीज गेल्यावर वाजेल?

भूकंपाच्या रात्री इथे सगळं हललं,
दिवे गेले, मोबाइल गेले,
खालचं बंदर काळं झालं.
आणि हा वाजला.
कॉन्सेप्सिओनहून बहीण. म्हणाली,
"कप किती फुटले तुझे?"
"चार. तुझे?"
"मी अजून मोजले नाहीत."
तेवढंच. मग दोघी नुसत्या श्वास ऐकत बसलो.

मला उत्तर माहीत होतं, ते शिकूनच मी पास झाले.
तांब्यातून आवाजाबरोबर वीजही यायची
खालच्या एक्सचेंजमधून,
पत्रासोबत कुणी उत्तराचं तिकीट धाडावं तशी.
काचेतून नुसता उजेड येतो.
तोही घरात दिवा असेल तरच बोलतो.

ते मी तिला सांगितलं. सगळं.
तिनं मुरंब्याची वाटी माझ्यापुढे सरकवली
आणि बराच वेळ फोनकडे बघत राहिली.

ऑफिसात येऊन लिहिलं : बॅटरी, चार तास, प्रत्येक घरी.
साहेब म्हणाले, याला रकाना नाही.
मग शेरा या मोकळ्या जागेत लिहिलं.
शेरे कुणी वाचत नाही, पण छापले जातात.

मार्चअखेर एलेउतेरिओनं तार कापली.
हात लावून बघ म्हटलं, तर म्हणाला,
हिला चाचपायची गरज नाही, जिवंत आहे.
उरलेला तुकडा दोन्यानं मागून घेतला,
त्यावर आता वालाचा वेल चढलाय.

बॅटरीचं अजून विचाराधीन आहे.
तोवर काही लागलं तर म्हणून
तिच्या भिंतीवर, हिरव्या फोनच्या जागी,
मी माझा नंबर लिहून दिलाय, खडूनं, मोठ्या अक्षरात.
तो मोबाइलचा आहे.
आणि हे मी तिला सांगितलेलं नाही :
माझं घरही घळीत आहे,
माझ्याच नकाशात करडं.